शेपटीतला गनर

लँकॅस्टर हे दुसऱ्या महायुद्धातलं चार इंजिनांचं ब्रिटिश बॉम्बर. आत सात माणसं. त्यात सगळ्यात एकटा शेपटीतला गनर. थंडीत कुडकुडत, उलटं तोंड करून बसलेला. त्याचा टरेट (बंदुकांचा फिरता घुमट हो!) हायड्रॉलिक्सवर फिरायचा आणि ते डावीकडच्या एका इंजिनावर चालायचं. बॅकअप म्हणून हाताने फिरवायची दांडी.

१२ जून १९४४ च्या रात्री कॅनडाच्या ४१९ स्क्वॉड्रनचं केबी ७२६ हे विमान फ्रान्समधल्या कांब्रेकडे निघालं. वरच्या टरेटमध्ये अँड्रयू मिनार्स्की, वय २७, विनिपेगच्या पोलिश घरातला. शेपटीत त्याचा दोस्त पॅट ब्रॉफी. निघण्याआधी गवतात सापडलेलं चार पानांचं क्लोव्हर मिनार्स्कीने ब्रॉफीला देऊन टाकलं होतं. तिकडे ते शुभ मानतात.

जर्मन फायटरच्या माऱ्यात डावीकडची दोन्ही इंजिनं गेली. ब्रॉफीचा टरेट अडकला आणि दांडीही तुटली. पायलटने उड्या मारायला सांगितलं. मिनार्स्की दाराशी पोचला, पण ब्रॉफी अडकलेला दिसल्यावर तेलाच्या आगीतून रांगत मागे गेला. कुऱ्हाड चालवली, मग नुसत्या हातांनी ओढून पाहिलं. कपडे पेटले होते. ब्रॉफीनेच त्याला परत फिरायच्या खुणा केल्या. तो दाराशी गेला, ताठ उभा राहिला, मित्राला सॅल्यूट ठोकला आणि पेटत्या कपड्यांनिशी उडी मारली. खाली फ्रेंच लोकांना तो सापडला, पण भाजल्यामुळे वाचला नाही.

आणि ब्रॉफी? विमान कोसळताना टरेट तुटून बाजूला फेकला गेला. पठ्ठ्या जिवंत! बाकीचे पाचही वाचले.

ब्रॉफी गेला असता तर ही गोष्ट सांगायला कोणीच नव्हतं, कारण ती बघणारा तो एकटा. त्याच्या साक्षीवर १९४६ मध्ये मिनार्स्कीला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. बॉम्बर कमांडचे ५५,५७३ जण मेले. त्यांच्यातल्या किती जणांच्या शेवटच्या पाच मिनिटांना साक्षीदार असेल? आणि याच विमानांखाली जर्मन शहरं जळाली, हेही खरंच. म्हणूनच की काय, लंडनमध्ये त्यांचं स्मारक व्हायला २०१२ उजाडावं लागलं.

असो. मिनार्स्कीची कबर फ्रान्समध्येच, मेहारिकूर गावात आहे. कॅनडात हॅमिल्टनच्या संग्रहालयाने एक लँकॅस्टर उडण्याजोगं केलं आणि त्याला केबी ७२६ चेच रंग आणि अक्षरं दिली. त्याच्या शेपटीला टरेट आहे.