करंगळीवरचा निखारा

आईच्या पायाच्या करंगळीजवळ धग दिली की पोटातलं उलटं बाळ फिरतं, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला खरं वाटत नाही. करंगळी कुठे आणि गर्भाशय कुठे! पण या उपायाचं मूळ शोधत गेलं की आपण तेराशे वर्षं मागे, चीनच्या राजदरबारात पोचतो.

तांग घराण्याच्या काळात सम्राज्ञी वू झेत्यानच्या पदरी झांग वेनझोंग नावाचा राजवैद्य होता. त्याच्या नावावर सोंग काळातल्या वैद्यकग्रंथांनी एक उपाय नोंदवला आहे. बाळ आडवं आलं, हात आधी बाहेर पडला, मंतरलेले ताईत आणि काढे निरुपयोगी ठरले, तर बाईच्या उजव्या पायाच्या करंगळीच्या टोकावर गव्हाच्या दाण्याएवढे तीन शंकू जाळावेत. बाई लगेच मोकळी होते, असंही तिथे म्हटलं आहे. त्यावर माझा विश्वास बसत नाही. हात बाहेर आलेलं आडवं बाळ कळांच्या जोरावर सरळ होणं जवळजवळ अशक्य. कळा वाढत गेल्या तर गर्भपिशवी फाटण्याचंच भय. तरी ही नोंद वाचताना माझं मन त्या खोलीत जातं. सगळे उपाय संपले आहेत, बाई तळमळते आहे आणि कुणीतरी तिच्या पायाशी बसून अजून एक प्रयत्न करतं आहे. हा उपाय जन्मला तो अशा हताश घटकेला.

ते शंकू एका सुगंधी झुडपाच्या पानांचे. चिनी लोक त्याला ‘आय’ म्हणतात. चैत्रात जोतिबाला वाहतात त्या आपल्या दवण्याचं ते जवळचं नातलग. दोन्ही आर्टेमिसिया या एकाच प्रजातीतली. पानं वाळवून, कुटून, देठ आणि शिरा चाळून काढल्या की पिंजलेल्या कापसासारखी लव उरते. ती ज्वाळेविना, सावकाश जळते. प्राचीन चिनी तत्त्वज्ञ मेन्सियसच्या ग्रंथात सात वर्षांच्या दुखण्यावर तीन वर्षं मुरलेला आय शोधणाऱ्याचा दाखला येतो, म्हणजे तेव्हाच तो घरोघरी ठाऊक होता. 1973 साली चीनमधल्या मावांगदुई इथल्या थडग्यातून रेशमावर लिहिलेल्या पोथ्या निघाल्या. ते थडगं इसवी सनापूर्वी 168 मध्ये बंद झालेलं. त्यांतल्या दोन पोथ्या शरीरातल्या अकरा वाहिन्या आणि त्यांवर द्यायचा डाग यांविषयी आहेत.

करंगळीच का, याचं उत्तर या वाहिन्यांच्या कल्पनेत आहे. मूत्राशयाची वाहिनी डोळ्याच्या कोपऱ्यापासून निघून पाठीवरून खाली उतरते आणि करंगळीच्या नखाच्या बाहेरच्या कडेला संपते. तिथून मूत्रपिंडाची वाहिनी सुरू होते, आणि गर्भाशयाचं नातं मूत्रपिंडाशी जोडलेलं मानतात. त्या टोकाच्या बिंदूचं नाव झीयिन. जुन्या पद्धतीत शंकू थेट कातडीवर जळे, फोड येई, व्रण राही. मिंग काळात कागदात गुंडाळलेल्या कांड्या आल्या आणि धग कातडीपासून अंतर ठेवून देता येऊ लागली.

पण खरा बदल वेळेचा झाला. आपल्या सुश्रुतसंहितेत मूढगर्भावर, म्हणजे प्रसूतीत अडलेल्या गर्भावर, सविस्तर विवेचन आहे. बाळ ढुंगणाकडून आलं तर ते वर ढकलून पाय मोकळे करावेत, इतकं स्पष्ट मार्गदर्शन त्यात आहे. मात्र हे सारं प्रसूती अडल्यानंतरचं. पायाळू जन्मलेल्याची लाथ बसली की कंबरेतली उसण उतरते, ही आपल्याकडची समजूतही जन्मानंतरचीच. आधीच कळावं आणि आधीच फिरवावं, याला शास्त्रशुद्ध रूप दिलं ते पॅरिसच्या अडॉल्फ पिनार यांनी. पोट चाचपून बाळाची स्थिती ओळखणं आणि बाहेरून हातांनी ते वळवणं, यावर त्यांनी 1878 साली ग्रंथ लिहिला. चीनमध्येही गरोदरपणातली तपासणी रुळली तसा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात करंगळीचा निखारा बाळंतिणीच्या खोलीतून सातव्या-आठव्या महिन्यात सरकला. मला हा या कुळकथेतला सर्वांत मोलाचा टप्पा वाटतो. त्या वेळी बाळाला फिरायला जागा असते, गर्भजल पुरेसं असतं.

मग परीक्षा आली. इटलीचे फ्रांचेस्को कार्दिनी आणि चीनच्या हुआंग वेइशिन यांनी जिआंग्शी प्रांतात पहिलटकरणींवर केलेला अभ्यास 1998 मध्ये अमेरिकी वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात छापून आला. 33व्या आठवड्यातल्या 260 जणी, निम्म्यांना आठवडाभर, गरज पडल्यास दोन आठवडे, रोज धग. 35व्या आठवड्यात धग घेतलेल्या 130 पैकी 98 बाळांची डोकी खाली होती, इतर 130 पैकी 62. धग घेणाऱ्यांच्या पोटात बाळाची हालचालही अधिक आढळली. उष्णतेनं गर्भाशय आणि बाळ दोन्ही थोडे चेतवले जात असावेत, असा तर्क आहे. सिद्ध झालेलं नाही.

कार्दिनींनी हाच प्रयोग इटलीत केला, तेव्हा तो 123 बायकांवर थांबवावा लागला. धूर, वास, मळमळ यांमुळे अनेकींनी उपचार सोडला, आणि फरकही दिसला नाही. पुढे अनेक चाचण्या एकत्र पाहणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या आढाव्याने 2023 मध्ये म्हटलं, की नेहमीच्या देखभालीला या धगेची जोड दिली तर बाळ जन्मवेळी उलटं राहण्याची शक्यता बहुधा थोडी कमी होते. सिझेरियन टळतं, असं मात्र ठामपणे म्हणता येत नाही. ब्रिटनच्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने 33 ते 35 आठवड्यांत, प्रशिक्षित माणसाच्या देखरेखीखाली, याचा विचार करायला हरकत नाही असं 2017 साली सांगितलं. कंबर उंच करून झोपणं, गुडघे-छातीवर ओणवं राहणं यांनी बाळ फिरतं, याला मात्र पुरावा मिळालेला नाही.

म्हणून ज्या घरात आज सोनोग्राफीत बाळ उलटं दिसलं आहे, त्यांना एवढंच सांगणं आहे. 28व्या आठवड्यात साधारण पाचातलं एक बाळ उलटं असतं, दिवस भरेपर्यंत शंभरातली तीन-चारच तशी उरतात, घाबरू नका. धग घ्यायची असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. रक्तस्राव, खाली असलेली वार, जुळी किंवा आधीचं सिझेरियन असेल तर विचारल्याशिवाय काहीही करू नका. घरी कुणाकडूनही पोट जोराने चोळून घेऊ नका. आणि 36-37व्या आठवड्यातही बाळ उलटंच असेल, तर रुग्णालयात बाहेरून हातांनी बाळ फिरवण्याबद्दल स्वतःहून विचारा. तो उपाय सुमारे निम्म्या वेळा यशस्वी होतो.