पराभव कोणाचा, विजय कोणाचा?

गेल्या पावसाळ्यात आमच्या पालेगावच्या परिसरातील एका महाविद्यालयाचा फुटबॉल संघ आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या पहिल्याच फेरीत गारद झाला आणि आठवड्याच्या आत संघाच्या प्रशिक्षकाला निरोप देण्यात आला. हा तरुण आमच्याच धर्मग्रामातला. साहजिकच रविवारच्या मिस्सेनंतर चर्चच्या अंगणात दोन तट पडले. एक तट म्हणे, पोरे चांगली होती, शिकवणारा कच्चा निघाला. दुसरा म्हणे, पोरांच्या पायांतच दम नाही, तिथे मास्तर काय करणार? संघ त्याच्या हाती स्पर्धेपूर्वी अवघे तीन आठवडे होता, ही गोष्ट दोहोंपैकी कोणीच विचारात घेतली नाही. मी त्या दिवशी गप्प राहिलो. पण प्रश्न मनातून जाईना. संघाच्या यशापयशात शिकवणाऱ्याचा वाटा किती आणि खेळणाऱ्याचा किती, हे मोजायचे कसे? आपल्या देशाच्या फुटबॉलच्या इतिहासात या प्रश्नाचा कस लागावा असा एक कालखंड आहे, आणि त्यात मुंबईच्या गोमंतकीय ख्रिस्ती मुलांचाही हात आहे. म्हणून हा लेखनप्रपंच.

गोव्यात फुटबॉल रुजवला तो शिवोली येथे आलेल्या फादर विल्यम लायन्स या धर्मगुरूने, १८८३ च्या सुमारास, असे परंपरा सांगते. मुंबईत रोव्हर्स चषक स्पर्धा १८९१ मध्ये सुरू झाली. पुढे पोटापाण्यासाठी मुंबईत आलेले गोवेकर धोबीतलावच्या कुडांत राहू लागले आणि तेथून कूपरेजचे मैदान चालत जाण्याच्या अंतरावर होते. या वस्त्यांना फुटबॉलचे वेड लागले नसते तरच नवल. याच कूपरेजवर १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे रोव्हर्स चषक एकाच संघाने नेला. तो संघ हैदराबाद सिटी पोलिसांचा, आणि त्याचा प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम.

रहीमसाहेब मूळचे शाळामास्तर. १९०९ साली हैदराबादेत जन्मलेले, उस्मानिया विद्यापीठात शिकलेले, तेथे फुटबॉल खेळलेले आणि नंतर शाळांतून मुलांना शिकवलेले. त्यांच्या पद्धतीत शिक्षकच अधिक दिसतो. त्यांनी हैदराबादेत दुबळ्या पायाच्या स्पर्धा भरविल्या. ज्या पायाने खेळण्याची सवय नाही, त्याच पायाने चेंडू मारायचा. दुसऱ्या स्पर्धा अशा, की त्यांत चेंडू घेऊन पळण्यास मनाई. आला की लगेच साथीदाराकडे द्यायचा. अशा स्पर्धेत कोण जिंकले याला फारसा अर्थ नसतो. खेळाडूत उणे काय आहे ते उघडे पडते, आणि खेळता खेळताच ते भरून निघू लागते. परीक्षा आणि शिकवणी यांची अशी सांगड घालणारे मास्तर आपल्या शाळांतही विरळाच.

परंतु निव्वळ निकालांवरून पाहणाऱ्याला रहीमसाहेब १९५२ मध्ये नापास ठरले असते. आदल्याच वर्षी दिल्लीच्या आशियाई स्पर्धेत त्यांच्या संघाने अंतिम सामन्यात इराणला १-० असे हरवून सुवर्णपदक मिळविले होते. तोच भारत हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाकडून १०-१ असा धुऊन निघाला. आपले बरेचसे खेळाडू थंड, ओल्या मैदानावर अनवाणी उतरले होते. शिवाय त्या काळी आपल्याकडचे सामने सत्तर मिनिटांचे असत आणि तेथे नव्वद मिनिटे खेळायचे होते. हा दोष शिकवणाऱ्याचा म्हणावा, खेळणाऱ्यांचा, की ज्या व्यवस्थेने दोघांना तसे पाठविले तिचा? त्या पराभवानंतर बूट सक्तीचे झाले. रहीमसाहेबांना मात्र कायमचे घालविण्यात आले नाही, आणि पुढचे सारे त्यामुळेच घडले.

१ डिसेंबर १९५६. मेलबर्न ऑलिंपिकच्या उपान्त्यपूर्व फेरीत भारतासमोर यजमान ऑस्ट्रेलिया. आघाडीला मुंबईचा नेव्हिल डिसोझा. मध्यंतराला २-२ अशी बरोबरी होती आणि भारताचे दोन्ही गोल नेव्हिलचे होते. मध्यंतरानंतर पाच-सहा मिनिटांतच त्याने तिसरा गोल केला. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये एका सामन्यात तीन गोल करणारा तो पहिला आशियाई. चौथा गोल किट्टूचा, आणि सामना ४-२. उपान्त्य फेरीत युगोस्लाव्हियाविरुद्धही पहिला गोल नेव्हिलनेच केला. मग पंधरा मिनिटांच्या आत प्रतिपक्षाने तीन गोल केले आणि शेवटी ४-१ असा पराभव झाला. कांस्यपदकासाठीच्या सामन्यात बल्गेरियाने ३-० असे हरविले. भारत चौथा आला. एकूण चार गोल करून नेव्हिल स्पर्धेतील सर्वाधिक गोल करणाऱ्यांच्या पंक्तीत युगोस्लाव्हियाचा वेसेलिनोविच आणि बल्गेरियाचा मिलानोव यांच्या बरोबरीने बसला.

येथे अभिमान थोडा बाजूला ठेवावा. हंगेरीने माघार घेतल्यामुळे पहिल्या फेरीत भारताला खेळावेच लागले नव्हते. म्हणजे चौथा क्रमांक हा एका विजयावर उभा आहे. ऑस्ट्रेलियाचा संघ तसा बलाढ्यही नव्हता. मग मोठेपण कशात? माझ्या मते ते त्या १०-१ आणि ४-१ यांच्यामधील अंतरात आहे. प्रतिपक्ष तोच, मध्ये वर्षे चार. या वेळी पन्नासहून अधिक मिनिटे भारताने युगोस्लाव्हियाला रोखून धरले, इतकेच काय, आघाडीही घेतली. हा फरक एकट्या नेव्हिलच्या पायाने पडलेला नाही. त्यामागे चार वर्षांची मेहनत आहे. उलट गोलसमोर चेंडू कोठे पडेल याचा जो अदमास नेव्हिलला येई, तो कोणत्याही मास्तराला शिकविता आला नसता. रहीमसाहेबांचे श्रेय एवढेच, आणि ते लहान नाही, की त्यांनी त्याला जेथे हा गुण उपयोगी पडेल तेथे उभे केले.

माणूस ओळखून त्याला जागा देणे म्हणजे काय, हे १९६२ मध्ये जकार्ताला अधिक स्पष्ट दिसले. आशियाई स्पर्धेचा पहिलाच सामना भारत दक्षिण कोरियाकडून ०-२ असा हरला. पुढे थायलंडविरुद्ध बचावफळीचा आधारस्तंभ जर्नेल सिंग याच्या डोक्याला जखम होऊन टाके पडले. उपान्त्य सामन्यात रहीमसाहेबांनी त्याला बचावात न ठेवता थेट आघाडीला पाठविले. पंजाबातील माहिलपूरच्या खालसा कॉलेजात शिकलेला हा खेळाडू विद्यार्थिदशेत पुढच्या फळीत खेळत असे, याचे त्यांना स्मरण होते, असे सांगतात. महाविद्यालयातील एखाद्या मैदानावरचा गुण कित्येक वर्षांनी कामी येतो तो असा. जर्नेलने त्या सामन्यात गोल केला. अंतिम सामन्यासाठी रहीमसाहेबांनी गोलरक्षकही बदलला आणि प्रद्युत बर्मनऐवजी उंच पीटर थंगराजला उभे केले. ४ सप्टेंबरला, भारतावर रुष्ट झालेल्या लाखभर प्रेक्षकांसमोर, त्याच दक्षिण कोरियाला भारताने २-१ असे हरविले. एक गोल पी. के. बॅनर्जीचा, दुसरा जर्नेलचा.

त्या संघाच्या मधल्या फळीत कोलवाळचा फोर्तुनात फ्रांको होता, हे आपल्या समाजातही आता फारसे कोणाला आठवत नाही. १९६० च्या रोम ऑलिंपिकला तो संघाबरोबर गेला होता, पण एकाही सामन्यात त्याला मैदानावर उतरविले गेले नाही. त्या वेळी त्याचे मूल्यमापन कोणी केले असते तर पाटी कोरीच दिसली असती. दोन वर्षांनी तोच सुवर्णपदक घेऊन परतला. २०२१ मध्ये तो निवर्तला.

रहीमसाहेब जकार्ताला गेले तेव्हा कर्करोगाने पोखरलेले होते. ११ जून १९६३ रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर आशियाई स्पर्धेत फुटबॉलचे सुवर्ण भारताला पुन्हा मिळालेले नाही. १९७० चे बँकॉकचे कांस्य हीच काय ती पुढची कमाई. प्रशिक्षकाच्या कामाचे मोल तो गेल्यावरच कळते असे म्हणावेसे वाटते. पण मग हाही प्रश्न उरतो, की त्यांनी आपल्यामागे आपली पद्धत चालविणारे किती तयार केले? मला हा त्यांच्या हिशेबातील एकमेव कच्चा आकडा वाटतो, आणि तोही बहुधा त्यांच्या नावे लिहिणे अन्यायाचे आहे. त्यांना पद्म पुरस्कार लाभला नाही. अर्जुन पुरस्काराच्या यादीत नेव्हिलचेही नाव नाही. तो १९८० मध्ये, पन्नाशीही न गाठता गेला. रोव्हर्स चषकही या शतकाच्या उंबरठ्यावर बंद पडला.

रहीमसाहेबांवरचा 'मैदान' हा हिंदी चित्रपट २०२४ मध्ये आला. आमच्या त्या तरुण प्रशिक्षकाने तो दोनदा पाहिल्याचे त्याच्या आईकडून कळले. महाविद्यालयाने पुन्हा बोलावलेले नाही. संध्याकाळी तो बारा-चौदा वर्षांच्या मुलांना घेऊन इमारतींच्या मधल्या मोकळ्या जागेत खेळवतो. परवा तेथे थोडा वेळ उभा राहिलो. उजव्या पायाने चेंडू मारील त्याला तो पाच मिनिटे बाहेर बसवीत होता, आणि बाहेर बसलेल्यांची रांग बरीच लांब होती.