वरचा मजला महाग कधी झाला?

आंधळगावात माझ्या पीएचडीचा विषय सांगितला की आधी लोकांना हसू येतं. गाव कोशाच्या विणकामाचं, मी एमएस्सी फिजिक्स, आणि अभ्यास कशाचा तर लिफ्टच्या इतिहासाचा. त्यातलं सध्या अडकलेलं प्रकरण तर आणखीच लांबचं वाटेल: उंचावरून शहर बघत फ्रेंच जेवण जेवायची पद्धत मुंबईपर्यंत कशी आली?

फ्रेंच रेस्टॉरंटचा उंचीशी मुळात काहीच संबंध नव्हता. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पॅरिसमध्ये ही सोय निघाली. तोवर खानावळीत ठरलेल्या वेळी, एकाच लांब टेबलावर, जे शिजलं असेल ते खायचं. रेस्टॉरंटात वेगळं टेबल मिळालं, हवी ती वेळ मिळाली आणि किमती लिहिलेलं कार्ड आलं. गंमत म्हणजे 'रेस्टॉरंट' हा शब्द आधी जागेचा नव्हताच, तो ताकद भरून आणणाऱ्या सूपचा होता. रिबेका स्पँग यांचं २००० सालचं पुस्तक यावर जरूर वाचा. एका शब्दापासून संशोधन कसं सुरू करावं, हे त्यातून शिकता येतं.

त्या काळी वरचा मजला गरिबाचा. जिने चढायचे म्हणून माळ्यावर नोकर नाहीतर विद्यार्थी राहायचे. हे उलटं झालं ते ब्रेकमुळे. माल वर चढवणारी यंत्रं जुनीच होती, पण दोर तुटला तर काय, या भीतीने माणूस त्यात बसत नव्हता. एलिशा ओटिसने पाळण्यावर स्प्रिंग लावली: दोराचा ताण सुटला की ती पसरते आणि बाजूच्या दातेरी पट्टीत अडकते. १८५७ मध्ये न्यूयॉर्कच्या एका पाच मजली दुकानात त्याची प्रवासी लिफ्ट सुरू झाली. पुढे १८८९ मध्ये आयफेल मनोऱ्यावर, जमिनीपासून सुमारे ५७ मीटरवर, रेस्टॉरंटं थाटली गेली. 'ला तूर दार्जां' या पॅरिसच्या नामांकित रेस्टॉरंटने १९३६ मध्ये आपलं जेवणाचं दालन सहाव्या मजल्यावर नेलं. आता खिडकीचेही पैसे पडू लागले.

मुंबईत ताजमहाल हॉटेल उघडलं १६ डिसेंबर १९०३ ला. वॉटसन्स हॉटेलात प्रवेश नाकारला म्हणून जमशेटजी टाटांनी ते बांधलं, ही गोष्ट तुम्ही शंभरदा ऐकली असेल. तिला समकालीन भक्कम पुरावा मिळत नाही. तेव्हा पाठ असलेल्या गोष्टीवरच आधी शंका घ्या. तेव्हा समोर गेटवेही नव्हता, तो १९२४ मध्ये पूर्ण झाला. जुन्या इमारतीशेजारी उंच टॉवर आला १९७३ मध्ये, आणि त्याच्या माथ्यावर 'रांदेव्हू' हे फ्रेंच रेस्टॉरंट होतं. खाली बंदर, होड्या, दिवे. म्हणजे पॅरिसची टेबलं आणि न्यूयॉर्कची लिफ्ट मुंबईत एका जागी आली.

इथपर्यंत माझं प्रकरण नीट चाललं होतं. मग लक्षात आलं, की मी वापरलेली सगळी साधनं जेवणाऱ्याच्या बाजूची आहेत: मेनूकार्डं, प्रवासवर्णनं, जाहिराती. कोशाच्या साडीचा फोटो छापतात तेव्हा नेसणारी दिसते, विणणारा दिसत नाही. हे लहानपणापासून बघूनही मी तेच करून बसलो होतो.

ब्रिटिश काळात बड्या मेजवान्यांची मेनूकार्डं फ्रेंचमध्ये छापायची रीत होती. खाणारा इंग्रज, कार्ड फ्रेंच, आणि रांधणारा कितीतरी वेळा गोव्याचा. ताजच्याच स्वयंपाकघराचे प्रमुख झालेले मिगेल आर्कांजो मास्करेन्हस, म्हणजे 'मास्की', हे गोव्याचेच. त्यांचं नाव तरी उरलं. भांडी घासणारे, भाजी चिरणारे, बश्या उचलणारे यांची नावं मेनूकार्डावर कशी सापडणार? मुंबईत नोकरीला आलेले असे अनेक गोवेकर आपापल्या गावाच्या कुडात राहायचे, आणि धोबीतलावच्या आसपास अशी कुडं बरीच होती.

त्यामुळे प्रश्न बदललाय. खिडकीतून काय दिसायचं, हे आता बाजूला ठेवलंय. बशी वर कोण न्यायचं, कोणत्या लिफ्टने, आणि सुट्टी झाल्यावर तो कुठे जेवायचा? दिवाळीनंतर धोबीतलावला जाऊन कुडांच्या जुन्या नोंदवह्या बघायला मिळतात का, ते विचारणार आहे. गाइडना अजून सांगितलेलं नाही.