शब्दवेध : वाडा

संस्कृत ‘वाट’ म्हणजे कुंपण घातलेली जागा. प्राकृतात तिचा ‘वाड’ झाला, मराठीत ‘वाडा’. बंगाली ‘बाडी’, म्हणजे घर, याच कुळातली. छपराआधी या शब्दाने कुंपण पाहिले. आत कोण, बाहेर कोण हे आधी ठरले. म्हणून पेशव्यांचा शनिवारवाडाही वाडा आणि गावकुसाबाहेरचा महारवाडाही वाडाच. कोळीवाड्याचा माणूस अभिमानाने पत्ता सांगतो. महारवाड्याच्या माणसाला मात्र पत्ता सांगितला की जात सांगावी लागे. डिसेंबर २०२०मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला, तो फार उशिरा. पुण्याच्या गंज पेठेतल्या फुलेवाड्याने हे कुंपण कधीच मोडले होते. जोतीरावांनी १८६८ साली घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला.