भोपळा सोडवणारा अभियंता

बीड शहरालगतची खजाना बावडी निजामशाहीच्या काळात, १५८२ च्या सुमारास बांधली गेली. दुष्काळी मुलखाने विहिरीला ‘खजाना’ म्हणावे, यात नवल ते काय? या भागातील कित्येक पिढ्या विहिरीतच पोहायला शिकल्या. पाठीला वाळलेला भोपळा किंवा पत्र्याचा डबा बांधायचा, कमरेच्या दोराचे टोक काठावरच्याने धरायचे आणि शिकणाऱ्याने हातपाय मारायचे. ज्या मुलाचे हातपायच त्याच्या आज्ञेत नाहीत, त्याला मात्र काठावरच बसावे लागे.

अशा मुलांना पाण्यात उतरवण्याचा पद्धतशीर प्रयत्न विसाव्या शतकातला. १९२४ मध्ये लॉस एंजेलिसच्या डॉ. चार्ल्स लोमन यांनी रुग्णालयातील कमळाच्या तळ्याचे उपचारकुंडात रूपांतर केले. छातीइतक्या पाण्यात उभे राहिले की पायांवर वजनाचा साधारण तिसरा हिस्साच उरतो. पोलिओने दुबळा झालेला, जमिनीवर न हलणारा पाय तेथे हलू लागतो.

पण व्यायाम वेगळा आणि पोहणे वेगळे. हा फरक ओळखला तो वैद्याने नव्हे, अभियंत्याने. १९४९ मध्ये उत्तर लंडनच्या हॅलिविक शाळेत जेम्स मॅकमिलन दिव्यांग मुलींना पोहायला शिकवू लागले. (शाळेच्या तत्कालीन नावातच ‘पंगू’ या अर्थाचा शब्द होता.) मॅकमिलन यांनी प्रश्न भौतिकशास्त्राचा मानला. गुरुत्वबल खाली ओढते, प्लावक बल वर उचलते. दोन्ही एका रेषेत नसली की शरीर वळते. ज्याची एक बाजू दुबळी वा ताठरलेली आहे, ते मूल म्हणूनच पाण्यात कलंडते आणि तोंड पाण्याखाली जाते. भोपळा त्याला तरंगत ठेवील, पण ते कलंडणे स्वतः सावरायला शिकवणार नाही.

म्हणून त्यांनी तरंगती साधने काढून टाकली आणि प्रत्येक मुलामागे एक माणूस दिला. पहिला धडा हात मारण्याचा नव्हे, तोंडाला पाणी लागताच श्वास बाहेर फुंकण्याचा. पुढे कलंडल्यावर पाठीवर परतण्याचा. हाताचे वल्हवणे सर्वांत शेवटी. हे सारे गोल करून, खेळ आणि गाण्यांतून चाले. त्यामुळे तोंडी सूचना न उमगणारी बौद्धिक दिव्यांग मुलेही पुढे या पद्धतीने शिकू शकली. मुलाची मदतनिसावरची भिस्त हळूहळू सुटावी, हेच या पद्धतीचे खरे गणित.

पाण्यातील उपचार कुठवर नेतात, याचा महाराष्ट्रातील दाखला प्रौढाचा आहे. सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले. बरे होण्यासाठी त्यांनी पोहणे धरले आणि १९७२ च्या हायडेलबर्ग पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पार करून सुवर्णपदक पटकावले. भारताचे ते पहिले वैयक्तिक पॅरालिंपिक सुवर्ण.

बीडच्या विहिरी मात्र या कामी येत नाहीत. त्यांत पाय टेकत नाहीत, आणि गार पाण्याने ताठर स्नायू अधिकच आखडतात. या मुलांना लागते ते छातीइतके, ३३ अंशांच्या आसपास कोमट पाणी आणि शेजारी एक जाणता माणूस. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या जिल्ह्यात यातली पहिली गोष्टच सर्वांत महाग आहे.