चादरींच्या उतरणीची कुळकथा

भूलशास्त्रात उपकरणांचे जनक सहज सांगता येतात. लॅरिंगोस्कोपचे वाकडे पाते मॅकिंटॉश यांचे, लॅरिंजियल मास्क आर्ची ब्रेन यांचा. चादरींच्या घड्यांना जनक कुठून आणायचा? पण अतिस्थूल रुग्णाला भूल देण्याआधी त्याच्या खांद्याखाली आणि डोक्याखाली जी उतरण रचतात, तिचे कूळ शोधता येते.

मूळपुरुष म्हणायचे तर अमेरिकेतले घशाचे सर्जन शेव्हलिअर जॅक्सन. लोकांच्या घशात आणि श्वासनळीत अडकलेल्या टाचण्या, बटणे, नाणी काढण्यात त्यांची हयात गेली; त्यातल्या २,००० हून अधिक वस्तू फिलाडेल्फियाच्या म्यूटर संग्रहालयात जपल्या आहेत. श्वासनळीत नळी घालताना डोके कसे ठेवावे, हे त्यांनी १९१३ मध्ये मांडले. पहिल्या महायुद्धात चेहरे छिन्नविच्छिन्न झालेल्या सैनिकांना भूल देऊन हात बसलेल्या आयव्हन मॅगिल यांनी १९३६ मध्ये त्याला चित्र दिले: सकाळची हवा हुंगणारा माणूस. मान पुढे, चेहरा थोडा वर. १९४४ मध्ये बॅनिस्टर आणि मॅकबेथ यांनी त्याची उपपत्ती लावली, की अशा स्थितीत तोंड, घसा आणि स्वरयंत्र यांचे तीन अक्ष एका रेषेत येतात. पुढे पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थी ती आकृती वहीत काढत राहिले.

२००१ मध्ये फ्रान्सच्या आद्ने यांनी ८ निरोगी माणसांचे एमआरआय काढून पाहिले, तर अक्ष एका रेषेत येतच नव्हते! त्याच वर्षी ४५६ रुग्णांवर केलेल्या तुलनेत नुसते डोके मागे कलवले तरी स्वरयंत्र सरसकट तेवढेच दिसते, असे निघाले. अपवाद होते ज्यांची मान मागे वळत नाही ते, आणि स्थूल रुग्ण.

स्थूलांच्या अपवादामागचे कारण नुसत्या नजरेच्या रेषेत नाही. लठ्ठ माणूस उताणा झोपला की पोटाचा भार छाती-पोटामधला श्वासाचा पडदा वर ढकलतो, आणि श्वास सोडल्यावर फुप्फुसात उरणारी हवा, म्हणजे प्राणवायूची शिल्लक, घटते. भुलेने श्वास थांबला की ही शिल्लकच कामाला येते. बेन्यूमॉफ यांच्या १९९७ च्या गणितानुसार आधी भरपूर प्राणवायू दिलेला सडसडीत प्रौढ आठेक मिनिटे तग धरतो, अतिस्थूल रुग्ण जेमतेम तीन. तेवढ्यात स्वरतंतू दिसले नाहीत, मास्कनेही हवा जाईना, तर गळ्याला छेद देण्याची वेळ येते. आणि जाड मानेत तो छेद कुठे द्यायचा हे चाचपूनही कळत नाही.

२००४ मध्ये स्टॅनफर्डच्या गटाने ६० अतिस्थूल रुग्ण घेतले. काहींच्या डोक्याखाली ७ सेंटिमीटरची उशी दिली. इतरांच्या पाठीखालपासून डोक्यापर्यंत ब्लँकेटे रचत नेली, कानाचे छिद्र आणि छातीच्या हाडावरची खाच एका आडव्या रेषेत येईपर्यंत. लोडाला रेलावे तसा रुग्ण. दुसऱ्या गटात स्वरयंत्र अधिक चांगले दिसले. पुढच्याच वर्षी ऑस्ट्रेलियात आढळले की डोक्याकडची बाजू २५ अंश वर उचलून प्राणवायू दिला, तर श्वास थांबल्यावर रक्तातला प्राणवायू खालावायला सरासरी ४६ सेकंद जास्त लागतात. ऐकायला किरकोळ वाटेल. पण तेवढ्यात नळी घालण्याचा एक अख्खा प्रयत्न होतो.

आता तयार फोमच्या पाचरी मिळतात. मला तरी घड्या बऱ्या वाटतात, कारण त्या माणसागणिक कमी-जास्त करता येतात. मात्र उतरण म्हणजे रामबाण नव्हे: २०१७ मध्ये अतिदक्षता विभागातल्या सरसकट रुग्णांवर ती तपासली, तेव्हा दृश्य उलट बिघडले. ती अतिस्थूलांसाठी जन्मली, तिथेच ती शोभते. आणि रचायची ती रुग्ण जागा असताना, त्यालाच उठून बसायला सांगून. दीडशे किलोच्या बेशुद्ध देहाखाली चादर सारायला त्या तीन मिनिटांत सवड नसते.