‘मारुत’ : एका उपेक्षित लढाऊ विमानाचे पुनर्मूल्यांकन

भारतीय विमानविद्येच्या इतिहासात ‘मारुत’ (एचएफ-२४) या लढाऊ विमानाचा उल्लेख बहुधा अपयशाचे उदाहरण म्हणून केला जातो. ध्वनीच्या दुप्पट वेगाचे उद्दिष्ट समोर ठेवून आखलेले हे विमान सपाट उड्डाणात ध्वनीचा वेगही ओलांडू शकले नाही, हा आक्षेप खरा आहे. मात्र हा दोष नेमका कशाचा, आणि १९७१च्या युद्धातील कामगिरी पाहता त्याला किती महत्त्व द्यावे, हे तपासणे आवश्यक आहे.

बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्यात विमानसंकल्पनाची परंपरा रुजवली ती डॉ. विष्णू माधव घाटगे यांनी. कोल्हापूर जिल्ह्यात जन्मलेल्या घाटगे यांनी ग्योटिंगेन येथे लुडविग प्रांटल यांच्या मार्गदर्शनाखाली डॉक्टरेट मिळवली होती. त्यांच्या नेतृत्वाखाली सिद्ध झालेले ‘एचटी-२’ हे प्रशिक्षण विमान १९५१ मध्ये उडाले. १९५६ मध्ये जर्मन संकल्पक कुर्ट टांक येथे आले. १९५९ मध्ये पूर्णाकृती लाकडी ग्लायडरच्या चाचण्या झाल्या आणि १७ जून १९६१ रोजी सुरंजन दास यांनी ‘मारुत’चे पहिले उड्डाण केले.

आराखडा उत्तम होता. उणीव इंजिनाची होती. अपेक्षित शक्तिशाली ऑर्फियस इंजिनाच्या विकासाचा खर्च उचलण्यास भारत सरकार तयार झाले नाही. इजिप्तमध्ये तयार होत असलेल्या इंजिनाचा पर्यायही फळाला आला नाही. परिणामी आफ्टरबर्नर नसलेली दोन ऑर्फियस ७०३ इंजिनेच कायम राहिली. वाढीव शक्तीच्या नमुन्याची चाचणी घेताना १० जानेवारी १९७० रोजी दास यांना प्राण गमवावे लागले.

पुढच्याच वर्षी युद्ध झाले. १० आणि २२० क्रमांकांच्या स्क्वाड्रननी राजस्थानातील जोधपूर व उत्तरलाई येथून सिंध आघाडीवर रणगाडे, वाहनांचे तांडे व रेल्वेमार्ग यांवर हल्ले चढवले. जमिनीलगतच्या उड्डाणातील स्थैर्य आणि चार ३० मिलिमीटर तोफा ही विमानाची बलस्थाने येथे कामी आली. ज्या दुहेरी इंजिनांना दुबळे म्हटले गेले, त्यांनीच वैमानिकांचे प्राण वाचवले. जमिनीवरील माऱ्याने एक इंजिन बंद पडल्यावर दुसऱ्याच्या बळावर विमान तळावर परत आणल्याच्या घटना नोंदल्या गेल्या आहेत. जमिनीवरील माऱ्यामुळे काही विमाने गमवावी लागली. हवाई द्वंद्वात मात्र एकही नाही. उलट, ७ डिसेंबर रोजी स्क्वाड्रन लीडर के. के. बक्षी यांनी एक सेबर विमान पाडल्याची भारतीय नोंद आहे.

एकूण १४७ ‘मारुत’ बांधली गेली. त्यांचे मूल्यमापन कागदावरील वेगाने करणे म्हणजे इंजिनाबाबतच्या निर्णयांचा दोष विमानाच्या आणि पर्यायाने त्याच्या वैमानिकांच्या माथी मारणे होय. जे यंत्र हाती आले, त्याच्या मर्यादा ओळखून त्यांनी ते शत्रूच्या प्रदेशात नेले आणि बहुतांशी परत आणले. त्यांच्या या कर्तृत्वाची नोंद अपयशाच्या प्रकरणात नव्हे, स्वतंत्रपणे व्हायला हवी.